ठाम निश्चयाचे इंग्रजी शब्द: कोणता, कधी आणि कोणासाठी

बालभारतीचं कुठलंही पाठ्यपुस्तक उघडलं की सुरुवातीच्या पानांवर संविधानाची उद्देशिका भेटते. ‘आम्ही, भारताचे लोक’ पासून सुरू होणाऱ्या त्या लांबलचक वाक्यात ‘संकल्पपूर्वक निर्धार करून’ असे शब्द येतात. इंग्रजी उद्देशिकेत त्या जागी ‘सॉलेम्नली रिझॉल्व्ड’ आहे. तिथे ‘डिटर्मिन्ड’ का नाही, ‘फर्म’ का चाललं नसतं आणि ‘अ‍ॅडमंट’ घातलं असतं तर वाक्याची काय दशा झाली असती, हे ज्याला सांगता येईल त्याला हे शब्द खरोखर वापरता येतात.

मराठी माध्यमातून शिकून पुढे कॉलेजात, नोकरीच्या अर्जात, स्पर्धा परीक्षेच्या निबंधात किंवा परदेशातल्या प्रवेशासाठी इंग्रजी लिहावं लागतं, अशांसाठी हा लेख आहे. इंग्रजी शब्द इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. स्पेलिंग मात्र प्रत्येकाने स्वतः कोशात शोधावं, म्हणजे ते लक्षात राहतं.

इंग्रजी-मराठी कोशात रेझल्यूट, डिटर्मिन्ड, टिनेशस, स्टेडफास्ट अशा शब्दांपुढे फिरून फिरून ‘दृढनिश्चयी’ हाच अर्थ सापडतो. तो चूक नाही, पण तेवढ्यावर विसंबून केलेलं वाक्य बहुधा लंगडतं. बोलणाऱ्याला समोरच्याचा निश्चय आवडला आहे की खुपतो आहे, हे त्या एका शब्दातून कळत नाही. शब्दाच्या मागे वाक्यात काय यायला हवं, तेही कळत नाही. पहिली गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. व्याकरण चुकलं तरी लोक आशय समजून घेतात, पण कौतुक करायला जाऊन अपमान झाला तर तो भरून काढणं अवघड असतं.

पहिली पायरी: निश्चय कोणत्या जातीचा, ते आधी मराठीत ठरवा

इंग्रजी शब्द शोधण्याआधी स्वतःला विचारा: इथे माणूस नेमकं काय करतो आहे? तो काहीतरी ठरवतो आहे का? ठरवलेलं काम अडचणी आल्या तरी पुढे रेटतो आहे का? कोणी दबाव आणला तरी जागचा हलत नाही, असं आहे का? की फक्त सोसतो आहे, तग धरून आहे? मराठीत आपण हे न शिकवता वेगळं करतो. निर्धार, चिकाटी, ठामपणा आणि सहनशक्ती यांची आपण कधीच सरमिसळ करत नाही. इंग्रजीतही तेच कप्पे आहेत.

ठरवण्याच्या कप्प्यात डिटर्मिनेशन आणि रिझॉल्व्ह येतात. चिकाटीच्या कप्प्यात पर्सिव्हिअरन्स, पर्सिस्टन्स, टिनॅसिटी. न हलण्याच्या कप्प्यात फर्म, स्टेडफास्ट, अनवेव्हरिंग, अ‍ॅडमंट. सोसण्याच्या कप्प्यात एन्ड्युरन्स आणि फॉर्टिट्यूड. ‘ग्रिट’ हा शब्द चिकाटी आणि सोसणं या दोन कप्प्यांच्या मधे बसतो. त्याचा मूळ अर्थ वाळूची खर. त्यातून पुढे माणसाच्या अंगातला चिवटपणा असा अर्थ आला.

डिटर्मिन्ड आणि रिझॉल्व्ड यांतला फरक सगळ्यात जास्त गोंधळात टाकतो, म्हणून त्यावर थोडं थांबू. संयुक्त राष्ट्रांची सनद २६ जून १९४५ रोजी सॅन फ्रान्सिस्को इथे स्वाक्षरीत झाली. तिच्या प्रास्ताविकात हे दोन्ही शब्द आहेत आणि दोघांची कामं वेगळी आहेत. येणाऱ्या पिढ्यांना युद्धाच्या अरिष्टातून वाचवण्याबद्दल बोलताना सनद म्हणते, ‘डिटर्मिन्ड टू सेव्ह’. शेवटी मात्र ‘हॅव रिझॉल्व्ड टू कम्बाइन अवर एफर्ट्स’ असं येतं. डिटर्मिन्ड ही मनाची अवस्था आहे: आमचं मन या गोष्टीवर पक्कं आहे. रिझॉल्व्ड ही घडलेली कृती आहे: आम्ही ठराव केला, निर्णय नोंदवला. उद्देशिकेत रिझॉल्व्ड का आहे, त्याचं उत्तर इथेच मिळतं. संविधानसभा आपली मनःस्थिती सांगत नव्हती. २६ नोव्हेंबर १९४९ ला ती एक गंभीर निर्णय लिहून ठेवत होती.

म्हणूनच ठरावाला ‘रेझल्यूशन’ म्हणतात. ८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर काँग्रेसच्या महासमितीने संमत केलं ते ‘छोडो भारत’चं रेझल्यूशन. तुमच्या हाउसिंग सोसायटीचं इतिवृत्त इंग्रजीत असेल, तर त्यातही ‘इट वॉज रिझॉल्व्ड दॅट’ अशी वाक्यं असतील. नव्या वर्षाचा संकल्प हेही रेझल्यूशनच. रिझॉल्व्हचा दुसरा अर्थ भांडण किंवा अडचण सोडवणं. मूळ लॅटिन क्रियापद सुटं करणं, मोकळं करणं अशा अर्थाचं आहे. गुंता सुटा केला की निर्णय होतो, असा अर्थाचा प्रवास झाला आहे.

डिटर्मिनमध्ये मात्र सीमा आहे. ‘टर्मिनस’ म्हणजे लॅटिनमध्ये हद्द, शेवटचं टोक. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमधला तोच शब्द. हद्द आखून टाकली, आता इकडे-तिकडे नाही, हा त्यातला भाव. त्यामुळेच ‘डिटर्मिन’ हे क्रियापद ‘निश्चित करणं, शोधून काढणं’ या अर्थानेही येतं: ‘द डॉक्टर्स आर ट्राइंग टू डिटर्मिन द कॉज.’ इथे जिद्दीचा काहीच संबंध नाही. आपल्या मनाची जिद्द सांगायची असेल, तर रोजच्या बोलण्यात ‘आय अ‍ॅम डिटर्मिन्ड’ असं विशेषण वापरा. ‘आय डिटर्मिन टू पास’ असं कोणी सहज बोलत नाही. आणि ‘डिटरमिनंट’ किंवा ‘डिटर्मिनेट’ हे शब्द माणसाच्या जिद्दीसाठी नाहीतच. पहिला गणितात आणि ‘कारणीभूत घटक’ या अर्थाने येतो, दुसरा ‘ठरावीक’ या अर्थाने.

दुसरी पायरी: कौतुक की तक्रार?

१९४८ मध्ये बीबीसीच्या एका रेडिओ कार्यक्रमात तत्त्ववेत्ते बर्ट्रांड रसेल यांनी क्रियापद चालवावं तसं एक वाक्य चालवून दाखवलं: ‘आय अ‍ॅम फर्म, यू आर ऑब्स्टिनट, ही इज अ पिग-हेडेड फूल.’ मी ठाम आहे, तू हटवादी आहेस, तो ठार हेकट मूर्ख आहे. तिघांचंही वागणं एकच आहे. बदलतो तो फक्त सांगणाऱ्याचा कल. निश्चयाच्या इंग्रजी शब्दांचं मर्म यात पुरेपूर आलं आहे, आणि नवशिक्याने हे एक वाक्य तरी पाठ करावं असं मला मनापासून वाटतं.

मराठीत आपण हे रोज करतो. आपली ती जिद्द, शेजाऱ्याचा तो हट्ट, आणि पटत नसलेल्या नातेवाइकाचा हेका. मुलाने डॉक्टर व्हायचं मनावर घेतलं तर तो जिद्दी, त्यानेच नाटकात जायचं मनावर घेतलं तर तो हट्टी. अडचण ‘जिद्दी’ या शब्दापाशी येते. हिंदीत ‘जिद्दी’ म्हणजे हट्टी. तो अर्थ धरून बरीच मुलं मराठी ‘जिद्दी’चंही इंग्रजी ‘स्टबर्न’ करतात आणि मुलाखतीत अभिमानाने सांगतात, ‘आय अ‍ॅम अ स्टबर्न पर्सन.’ ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ ‘माझ्याशी जमवून घेणं कठीण आहे’ असा लागतो. मराठीतल्या चांगल्या अर्थाच्या जिद्दीला डिटर्मिनेशन किंवा टिनॅसिटी म्हणा. स्टबर्न हट्टासाठी ठेवा.

आता शब्दांची रांग लावू. निव्वळ कौतुकाचे: रेझल्यूट, स्टेडफास्ट, अनवेव्हरिंग, इन्डॉमिटेबल. यांत तक्रार मिसळताच येत नाही. डिटर्मिन्ड, फर्म, पर्सिस्टंट हे मधले, वाक्याप्रमाणे झुकणारे. पर्सिस्टंट विद्यार्थ्याचं कौतुक होतं, पण पर्सिस्टंट सेल्समन नकोसा होतो आणि ‘पर्सिस्टंट कफ’ म्हणजे बरा न होणारा खोकला. ‘टिनेशस’ बहुतेक वेळा कौतुकाचा. त्याचं लॅटिन मूळ ‘धरून ठेवणं’ हे आहे आणि भाडेकरूला म्हणतात तो ‘टेनंट’ही त्याच मुळाचा. पकडलेलं सुटू न देणारा तो टिनेशस.

अ‍ॅडमंटकडे विशेष लक्ष द्या. ग्रीकमधल्या ‘अदमास’ या शब्दापासून तो आला. अर्थ: जिंकता न येणारा, म्हणून सर्वांत कठीण पदार्थ. डायमंड हा शब्दही तिथूनच निघाला. उगम इतका झळाळता असला तरी वापरात अ‍ॅडमंट माणूस म्हणजे ऐकायलाच तयार नसलेला. शिवी नाही, पण शाबासकीही नाही. ‘द युनियन वॉज अ‍ॅडमंट दॅट द ट्रान्स्फर्स बी कॅन्सल्ड’ असं बातमीदार लिहील. आपल्या हितचिंतकाच्या निरोप समारंभात ‘ही वॉज अ‍ॅन अ‍ॅडमंट ऑफिसर’ म्हणू नये. तिथे ‘अ मॅन ऑफ फर्म प्रिन्सिपल्स’ म्हणावं.

त्याच्या खाली उघड तक्रारीचे शब्द: स्टबर्न, ऑब्स्टिनट, हेडस्ट्राँग, इन्ट्रान्सिजंट, पिग-हेडेड. हेडस्ट्राँगमध्ये सल्ला न मानणारा, स्वतःचंच खरं करणारा असा भाव आहे. इन्ट्रान्सिजंट वाटाघाटींच्या बातम्यांत येतो, तडजोडीला अजिबात तयार नसलेल्या पक्षासाठी. पिग-हेडेड घरात चिडून म्हणायचा शब्द. लेखी कामात तो नको.

स्टबर्नला मात्र एक सूट आहे. माणसाच्या स्वभावासाठी तो दोष दाखवतो, पण प्रतिकारासाठी आला की त्यात आदर येतो. ‘स्टबर्न रेझिस्टन्स’ म्हणजे चिवट झुंज. ११ जानेवारी २०२१ ला सिडनी कसोटीत हनुमा विहारी आणि रविचंद्रन अश्विन दुखापती अंगावर घेऊन शेवटपर्यंत नाबाद राहिले आणि सामना अनिर्णित सुटला. ती भागीदारी स्टबर्न म्हणायला हरकत नाही, उलट तोच शब्द शोभतो. आठवड्याभरात ब्रिस्बेनला चेतेश्वर पुजाराने अंगावर, हेल्मेटवर, बोटांवर चेंडू झेलत २११ चेंडूंत ५६ धावा केल्या आणि अजिंक्य रहाणेच्या संघाने ३२८ धावांचं लक्ष्य गाठून तीन गडी राखून सामना जिंकला. अशा खेळीला क्रिकेटच्या इंग्रजीत ‘ग्रिटी’ किंवा ‘डॉगिड’ म्हणतात. डॉगिडमध्ये चमक नाही, सौंदर्य नाही, फक्त न सोडणं आहे. म्हणून पुजाराला तो चपखल बसतो, पण ऋषभ पंतच्या त्याच दिवशीच्या नाबाद ८९ धावांना डॉगिड म्हटलं तर ऐकणारा गोंधळेल. तिथे ‘फिअरलेस’ हवं.

कोण सांगतो त्यावर शब्द कसा पालटतो, याचं आपल्याकडचं उदाहरण म्हणजे गोपाळराव जोशी. आनंदीबाईंनी शिकावं, डॉक्टर व्हावं, यासाठी त्यांनी सगळ्यांचा विरोध पत्करला. आनंदीबाई १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून एम.डी. झाल्या. पत्नीच्या शिक्षणाबद्दलचा हा आग्रह पाहून कोणी गोपाळरावांना रेझल्यूट म्हणेल. त्यांचा घरातला कडकपणा पाहून दुसरा त्यांना ऑब्स्टिनट आणि ओव्हरबेअरिंग, म्हणजे हुकमत गाजवणारा, म्हणेल. दोघांचीही इंग्रजी बरोबर आहे. स्वतः आनंदीबाईंना मात्र मी बेधडक डिटर्मिन्ड म्हणेन: ‘शी वॉज डिटर्मिन्ड टू स्टडी मेडिसिन.’

कधी कधी तक्रारीचा शब्द ज्याला चिकटवला तोच अभिमानाने मिरवतो. जानेवारी १९७६ मध्ये सोव्हिएत लष्कराच्या वृत्तपत्राने मार्गारेट थॅचर यांना ‘आयर्न लेडी’ म्हटलं ते हिणवायला. थॅचर यांनी ते बिरूद उचललं आणि कायम वापरलं.

तिसरी पायरी: शब्दामागे काय येतं?

शब्द योग्य निवडला तरी पुढची जोडणी चुकली की मराठी वास येतो. ही जोडणी तर्काने काढता येत नाही, पाठच करावी लागते. शब्द एकटा पाठ न करता पुढच्या शब्दासकट पाठ केला तर काम सोपं होतं.

डिटर्मिन्डच्या मागे ‘टू’ आणि साधं क्रियापद: ‘आय अ‍ॅम डिटर्मिन्ड टू फिनिश दिस कोर्स.’ करणारा दुसरा कोणी असेल तर ‘दॅट’: ‘हर मदर वॉज डिटर्मिन्ड दॅट शी शुड फिनिश स्कूल.’ रिझॉल्व्हचंही असंच.

कमिटेड आणि डेडिकेटेडपाशी मात्र सापळा आहे. यांच्या मागेही ‘टू’ येतो, पण तो वेगळा ‘टू’. त्याच्यापुढे नाम किंवा ‘आयएनजी’ लागलेलं रूप हवं. ‘वी आर डिटर्मिन्ड टू इम्प्रूव्ह द स्कूल’ बरोबर, पण ‘वी आर कमिटेड टू इम्प्रूव्हिंग द स्कूल’. संस्थांच्या माहितीपत्रकांत ‘कमिटेड टू इम्प्रूव्ह’ सर्रास दिसतं. औपचारिक लेखनात ते टाळलेलं बरं.

पर्सिस्टच्या मागे ‘इन’: ‘ही पर्सिस्टेड इन आस्किंग क्वेश्चन्स.’ पर्सिव्हिअरच्या मागे ‘विथ’ किंवा ‘इन’: ‘शी पर्सिव्हिअर्ड विथ हर इंग्लिश.’ दोघांत फरक असा की पर्सिव्हिअर करणाऱ्याच्या वाट्याला अडचणी असतात आणि आपली सहानुभूती त्याच्याकडे असते, तर पर्सिस्ट करणारा कधी कधी नको असलेली गोष्टही चालू ठेवतो. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला आणि पुढे काही वर्षं चालला. त्या सत्याग्रहींबद्दल लिहायचं तर पर्सिव्हिअर्ड लिहा. मंदिराची दारं बंद ठेवणाऱ्यांबद्दल ‘दे पर्सिस्टेड इन रिफ्यूजिंग एन्ट्री’ लिहा.

इन्सिस्ट हा मराठी माणसाला सगळ्यात जड जाणारा शब्द, कारण आग्रह हा आपल्या घरोघरचा व्यवहार आहे. मावशीने आग्रह करकरून पुरणपोळी वाढली हे सांगताना ‘शी इन्सिस्टेड मी टू ईट’ असं तोंडात येतं. इंग्रजीत इन्सिस्टला असं माणसाचं कर्म लागत नाही. ‘शी इन्सिस्टेड दॅट आय हॅव अनदर पुरणपोळी’ किंवा ‘शी इन्सिस्टेड ऑन माय हॅव्हिंग अनदर’ असं म्हणावं. माणूस कर्म म्हणून हवाच असेल तर ‘अर्ज’ हे क्रियापद घ्या, म्हणजे गळ घालणं: ‘शी अर्ज्ड मी टू ईट.’ हा मराठी अर्जातला अर्ज नव्हे, उच्चार फक्त सारखा आहे. इन्सिस्टचा दुसरा अर्थ ‘ठासून सांगणं’: ‘ही इन्सिस्ट्स दॅट ही वॉज अ‍ॅट होम.’

आग्रह या शब्दावरून एक आठवण दिली पाहिजे. दक्षिण आफ्रिकेतल्या लढ्याला ‘पॅसिव्ह रेझिस्टन्स’ म्हणणं गांधीजींना खटकत होतं, कारण त्यात दुबळ्याचा प्रतिकार असा वास येत होता. त्यांनी ‘सत्याग्रह’ शब्द घेतला आणि त्याची फोड इंग्रजीत सांगताना आग्रहासाठी ‘फर्मनेस’ हा शब्द वापरला. इन्सिस्टन्स नाही, ऑब्स्टिनसी तर नाहीच. समोरच्यावर लादणं नको आणि मागे हटणंही नको, हा भाव फर्मनेसमध्ये नीट बसतो. सत्याग्रह हा शब्द आज इंग्रजी कोशांतही आहे.

अ‍ॅडमंटच्या मागे ‘दॅट’ किंवा ‘अबाउट’. स्टेडफास्टच्या मागे ‘इन’: ‘स्टेडफास्ट इन हर सपोर्ट.’ स्टेडफास्टमधला ‘फास्ट’ म्हणजे वेगवान नाही, घट्ट बसलेला. कापडाचा रंग फास्ट आहे का, असं आपण दुकानात विचारतो तोच हा फास्ट. ‘स्टेड’ म्हणजे जागा. जागा न सोडणारा, म्हणून निष्ठेच्या, मैत्रीच्या, पाठिंब्याच्या संदर्भात तो शोभतो, आणि आयपीएलच्या शेवटच्या षटकाला शोभत नाही.

‘बेन्ट ऑन’ आणि ‘सेट ऑन’ यांच्या मागे आयएनजी: ‘ही इज सेट ऑन बिकमिंग अ पायलट.’ चंग बांधणं म्हणजे हेच. पण बेन्ट ऑनचा वापर बऱ्याचदा वाईट हेतूसाठी होतो, सूड, विध्वंस अशा शब्दांसोबत. मुलाने पायलट व्हायचा चंग बांधला तर सेट ऑन, कोणाला बुडवायचा चंग बांधला तर बेन्ट ऑन.

चौथी पायरी: मराठीतला ‘च’ इंग्रजीत कसा आणायचा?

मराठीत निश्चय सांगायला मोठा शब्द लागतच नाही. ‘मी जाणार’ आणि ‘मी जाणारच’ यांत एका अक्षराने सगळं होतं. लोकमान्यांचं ‘स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे आणि तो मी मिळवणारच’ हे वाक्य त्या शेवटच्या ‘च’वर उभं आहे. ते इंग्रजीत उद्धृत होतं ते बहुधा ‘अँड आय शॅल हॅव इट’ असं. जो जोर आपल्याकडे ‘च’मध्ये आहे, तो तिथे शॅलवर आला.

जुन्या शाळकरी व्याकरणाचा नियम उलटा होता. आय आणि वी यांच्याबरोबर शॅल म्हणजे साधा भविष्यकाळ, विल म्हणजे निर्धार. यू, ही, दे यांच्याबरोबर याच्या बरोबर उलट. पण प्रत्यक्षात निर्धाराची गाजलेली वाक्यं पाहिली तर शॅलचीच भरती आहे. ४ जून १९४० ला ब्रिटिश संसदेत चर्चिल म्हणाले, ‘वी शॅल नेव्हर सरेंडर.’ फिलिपिन्स सोडून ऑस्ट्रेलियात पोचलेले अमेरिकी जनरल मॅकआर्थर मार्च १९४२ मध्ये म्हणाले, ‘आय शॅल रिटर्न’, आणि ऑक्टोबर १९४४ मध्ये लेटे बेटावर उतरून त्यांनी ते खरं केलं. आजच्या इंग्रजीत शॅल बोलण्यातून जवळजवळ गेला आहे. कायद्याच्या आणि कराराच्या भाषेत तो ‘बंधनकारक आहे’ या अर्थाने उरला आहे. म्हणून नियमाच्या वादात पडू नका आणि विल वापरा.

फक्त तो पूर्ण उच्चारा आणि त्याच्यावर जोर द्या. ‘आय’ल डू इट’ म्हणजे ‘करतो मी’, सहज तयारी दाखवणं. ‘आय विल डू इट’, विलवर वजन देऊन, म्हणजे ‘मी करणारच’. लिहिताना वजन ऐकू येत नाही, तेव्हा ‘आय अ‍ॅम डिटर्मिन्ड टू’ किंवा ‘आय हॅव मेड अप माय माइंड टू’ असं सांगावं लागतं. दुसऱ्याच्या बाबतीत जोरदार विल आला तर तो तक्रारीकडे झुकतो: ‘ही विल कीप इंटरप्टिंग’, म्हणजे तो मधे बोलतोच, ऐकत नाही. आणि नकारात हा हट्ट निर्जीव वस्तूंनाही जोडता येतो. दार उघडतच नाही, गाडी सुरूच होत नाही: ‘द डोअर वोन्ट ओपन’, ‘द कार वोन्ट स्टार्ट’. ‘द डोअर इज नॉट ओपनिंग’ या आपल्या सवयीच्या वाक्यापेक्षा हे जास्त इंग्रजी आहे.

उच्चार

चुकतात ते मोजके शब्द. डिटर्मिन्ड, ‘डिटरमाइन्ड’ नाही. रेझल्यूटमध्ये जोर पहिल्या अक्षरावर. पर्सिव्हिअरमध्ये जोर शेवटी, ‘परसेव्हर’ नाही. पर्सिव्हिअरन्समध्येही जोर त्याच ‘व्हिअर’वर. १८ फेब्रुवारी २०२१ ला मंगळावरच्या जेझेरो विवरात उतरलेल्या नासाच्या रोव्हरचं नाव हेच आहे, तेव्हा उच्चार ऐकायचा तर नासाच्या चित्रफिती आहेतच. टिनेशस, पण नाम टिनॅसिटी. डॉगिड हे विशेषण दोन अक्षरी उच्चारतात. ‘डॉग्ड’ असा उच्चार केला तर ते ‘पिच्छा पुरवला’ या अर्थाचं क्रियापद होतं: ‘डॉग्ड बाय बॅड लक’.

मराठी वाक्प्रचार मनात असेल तेव्हा

पाय रोवून उभं राहणं म्हणजे ‘स्टँड युवर ग्राउंड’. आपल्या मतावर ठाम राहणं म्हणजे ‘स्टिक टू युवर गन्स’. ‘डिग युवर हील्स इन’ हे मात्र अडून बसणं, त्यात थोडी नापसंती आहे. घरातल्या वडीलधाऱ्याने ‘आता बास, हे चालणार नाही’ असं बजावणं म्हणजे ‘पुट युवर फूट डाउन’. त्याचा शब्दशः अर्थ घेऊन ‘पाय ठेवला’ असं समजू नका. कंबर कसून कामाला लागणं म्हणजे ‘बकल डाउन’. काही केल्या हटायला तयार नाही: ‘ही वोन्ट बज.’ काहीही होवो: ‘कम व्हॉट मे.’ विडा उचलण्याला जवळचं म्हणजे ‘टेक इट अपॉन वनसेल्फ’, कारण त्यात कोणी न सांगता जबाबदारी घेणं आहे.

‘बाय हुक ऑर बाय क्रूक’ मात्र जपून वापरा. निबंधात ‘आय विल सक्सीड बाय हुक ऑर बाय क्रूक’ असं लिहिणाऱ्याला बहुधा ‘काहीही करून’ एवढंच म्हणायचं असतं, पण त्यात ‘भल्याबुऱ्या कुठल्याही मार्गाने’ हा अर्थ आहे. अधिकारी होऊ पाहणाऱ्याने तो वाक्प्रचार परीक्षकापुढे ठेवू नये.

अर्जात आणि मुलाखतीत

‘आय अ‍ॅम अ डिटर्मिन्ड अँड हार्डवर्किंग पर्सन’ हे वाक्य लाखो अर्जांत असतं आणि वाचणारा त्यावरून नजर सरकवून पुढे जातो. इथे विशेषण काढून टाका, क्रियापद आणा. रोज रात्री दुकान बंद केल्यावर अभ्यास करून पदवी घेतली असेल तर तेच लिहा: ‘आय वर्क्ड इन अ शॉप बाय डे अँड स्टडीड अ‍ॅट नाइट अंटिल आय ग्रॅज्युएटेड.’ डिटर्मिनेशन हा शब्द न येताही ते दिसतं. एखादं काम अडलं आणि तुम्ही ते सोडलं नाही, तर ‘आय स्टक विथ इट’. अपयशानंतर पुन्हा प्रयत्न केला, तर ‘आय केप्ट अ‍ॅट इट’. हे लहान, रोजचे शब्द आहेत आणि इंग्रजी मातृभाषा असलेली माणसंही स्वतःबद्दल बोलताना तेच वापरतात. इन्डॉमिटेबल, रेझल्यूट असे भारदस्त शब्द दुसऱ्याबद्दल बोलताना शोभतात, स्वतःबद्दल नाहीत.

शिफारसपत्र लिहिणाऱ्या शिक्षकांनीही हे ध्यानात घ्यावं. विद्यार्थ्याच्या वाटेत अडथळे आले असतील, तर ‘अनडिटर्ड बाय’ ही रचना फार कामाची आहे. तिच्यात अडथळ्याचं नाव येतं आणि माणूस थांबला नाही हेही येतं. सावित्रीबाईंबद्दल आपण जे लहानपणापासून वाचत आलो ते तिच्यात नेमकं मावतं: ‘अनडिटर्ड बाय द मड थ्रोन अ‍ॅट हर, शी वेन्ट ऑन टीचिंग.’

सराव

ओळखीतली तीन माणसं निवडा: एक तुम्हाला मनापासून आवडणारं, एक न पटणारं आणि तिसरे तुम्ही स्वतः. तिघांनीही कधीतरी एखाद्या गोष्टीवर अडून राहिल्याचा प्रसंग आठवा आणि प्रत्येकावर इंग्रजीत दोन वाक्यं लिहा. मग आवडत्या आणि नावडत्या माणसाची विशेषणं आपसांत बदला आणि मोठ्याने वाचा. कोणतं वाक्य कानाला अन्यायाचं वाटतं ते पाहा. त्यानंतर स्वतःबद्दलची दोन वाक्यं घ्या, त्यांतली सगळी विशेषणं खोडा आणि काय केलं एवढंच क्रियापदांनी पुन्हा लिहा.

इंग्रजी वर्तमानपत्रातली संप, निवडणूक किंवा वाटाघाटीची बातमी घेऊनही हेच करता येतं. फर्म, अ‍ॅडमंट, रेझल्यूट, ऑब्स्टिनट यांच्यापैकी कोणता शब्द कोणत्या पक्षाला दिला आहे ते अधोरेखित करा. मग त्याच घटनेची दुसऱ्या वर्तमानपत्रातली बातमी शेजारी ठेवून वाचा आणि शब्द कुठे पालटले ते वहीत उतरवा, पुढे जोडून आलेल्या ‘दॅट’, ‘इन’, ‘ऑन’ सकट.